किडलेली दाढ आणि गुडघ्याचं ऑपरेशन
दाढ किडली म्हणून आईंचं गुडघ्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन पुढं ढकललं, डॉक्टर उगाच वेळ काढतायत का, असं एकांनी विचारलंय. अजिबात नाही. दाढेतले जंतू रक्तात उतरून नव्या सांध्याच्या धातूवर जाऊन बसू शकतात. तिथं ते चिकट थर करतात, त्यात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. मग सांधा उघडून धुवा, नाहीतर आख्खा काढून बदला. त्यापेक्षा थोडे दिवस दुखणं सोसलेलं परवडलं.

आमच्या कोल्हापूर भागात मला जास्त काळजी पायांची वाटते. नवं पायताण चावलेलं, टाचेला भेगा, उसाच्या पाल्याचे ओरखडे, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. जंतू अशा जखमांतूनही शिरतात, म्हणून हे सगळं आधी दाखवून बरं करून घ्या. गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडनं काढू नका. साखर असेल तर ती आटोक्यात हवीच.

ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्यांना पट्टीला हात लावू देऊ नका. जखम पाझरली, गुडघा लाल-गरम झाला, ताप आला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका, आधी सर्जनला गाठा. गोळी पोटात गेली की सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू बऱ्याचदा सापडतच नाहीत.