मदत हवी आहे: ११ कालवडींतून सहाच ठेवायच्यात, जिनोमिक चाचणी करावी का?

नमस्कार मंडळी,

आष्टी तालुक्यात (जि. बीड) आमचा गोठा आहे. १४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी, ११ कालवडी आणि वडिलांनी जपलेल्या दोन देशी देवणी गायी. दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरून दर मिळतो. शेती कोरडवाहू, त्यामुळे घर चालतं ते या गोठ्यावर.

अडचण चाऱ्या-पाण्याची आहे. मका करून मुरघास भरतो, पण विहिरीला पाणी असेल तेवढाच मका. २०१८-१९ च्या दुष्काळात जनावरं छावणीत न्यावी लागली होती. तेव्हापासून घरात ठरलंय, उन्हाळा निघेल एवढीच जनावरं दावणीला ठेवायची. त्या हिशेबाने सहा कालवडी राहतील, पाच विकाव्या लागतील. कुठल्या सहा ठेवाव्यात, यावर घरात रोज बोलणं होतं.

आजवर आईचं दूध बघून कालवड ठेवायची आणि सोबत वडिलांची नजर, असं चालत आलं. अंग लांब आहे का, चारही सड सारख्या अंतरावर आहेत का, मागच्या पायांमध्ये कास मावायला जागा आहे का, हे ते बघतात. वासरू लहान असतानाच बरगडीवरची कातडी चिमटीत धरून ती किती पातळ आहे ते तपासतात. ही नजर खोटी नाही, गोठा तिच्यावरच उभा राहिलाय. पण आमच्याकडे दोन सख्ख्या बहिणी आहेत. आई एक, आणि दोन्ही वेळेला कृत्रिम रेतनाची कांडी एकाच वळूची. थोरली पहिल्या वेताला दिवसाला १८ लिटरपर्यंत गेली. धाकटी १० च्या पुढे सरकलीच नाही, शिवाय सारखी उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. गव्हाण एक, पेंड एक, आणि कालवडी असताना दोघी दिसायलाही सारख्याच होत्या. म्हणजे अडीच वर्षं खाऊ घातल्यावर, व्याल्यावरच खरं काय ते कळलं.

मागच्या महिन्यात एका कंपनीचा माणूस आला होता. शेपटीचे केस द्या, त्यातला डीएनए तपासून (हीच ती जिनोमिक चाचणी) कालवड पुढं दूध किती देईल, फॅट किती लागेल, गाभण लवकर राहील का, आजार, ए-टू, सगळं रिपोर्टमध्ये येतं म्हणाला. एका जनावराचा जो खर्च सांगितला तो एका कालवडीच्या दोन महिन्यांच्या खुराकाएवढा आहे. नमुना म्हणून दाखवलेला रिपोर्ट इंग्रजीत होता, दूध पौंडात आणि शेवटचा मोठा आकडा डॉलरमध्ये. तो आकडा आमच्या गोठ्याला कसा लावायचा ते त्याला सांगता आलं नाही.

तर जाणकारांनी सांगावं, संकरित जनावरात ही चाचणी भरवशाची आहे का? असेल तर कालवडींचीच करायची की गायींचीही? आणि देवणीचं काय? दुधाची वही दोन वर्षांपासून नीट लिहिलेली आहे, लागली तर आकडे टाकतो.

प्रतिसाद (पशुवैद्यक, लातूर जिल्हा)

दादा, तुमच्या त्या दोन बहिणींपासूनच सुरुवात करू. वासराला निम्मे जनुक आईकडून आणि निम्मे बापाकडून येतात, पण कुठले निम्मे, हे दर वेताला पत्ते पिसावेत तसं नव्यानं ठरतं. त्यामुळे वंशावळीच्या कागदावर दोघी बहिणींची किंमत एकच, आणि दावणीला मात्र आठ लिटरचा फरक. त्यातला काही फरक संगोपनाचा, आजारपणाचाही असू शकतो. जनुकांमुळे पडलेला जो भाग आहे, तो वासरू लहान असतानाच वाचायचा, हे या चाचणीचं काम.

आता भरवशाचं. चिप वासराच्या डीएनएवर ठरावीक हजारो जागा वाचते. दूध काही तिला दिसत नाही. कुठल्या जागेचं मोल किती, हे ठरतं ज्या हजारो गायींचा डीएनए आणि दूध दोन्ही नोंदलेलं आहे त्यांच्यावरून. त्याला संदर्भ कळप म्हणतात. अमेरिकेत होल्स्टीन आणि जर्सीसाठी हे मूल्यांकन जानेवारी २००९ पासून अधिकृत झालं. तिथे शुद्ध होल्स्टीन कालवडीच्या दुधाचा अंदाज नुसत्या आईबापावरून बांधला तर त्याचा भरवसा साधारण ३५ टक्के असतो, जिनोमिक धरून ७० च्या आसपास जातो. हा भरवसा तिथल्या गायींच्या नोंदींवर उभा आहे. तुमच्या कालवडीत एचएफबरोबर देवणी, गीर, कदाचित जर्सीचंही रक्त असणार. तिला तोच हिशेब लावला की आकडा येतो, पण त्याचा अर्थ ढिला पडतो. तुम्ही पाहिलेला डॉलरचा आकडा बहुतेक तिथला 'नेट मेरिट' निर्देशांक असावा. तो तिथल्या दूधदरावर आणि तिथल्या खाद्याच्या खर्चावर बांधलेला असतो. आष्टीत त्याचे रुपये करून काही हाती लागणार नाही.

म्हणून त्या माणसाला एकच गोष्ट विचारा: 'हा हिशेब कुठल्या गायींच्या दुधावर बसवलाय?' भारतातल्या संकरित गायींच्या नोंदींवर असेल तर पुढे बोला. आपल्याकडे हे काम चालू आहे. एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) देशी जाती आणि त्यांच्या संकरित गायींसाठी 'इंडसचिप' केली. उरुळीकांचनची बायफ संस्था शेतकऱ्यांच्या दारातल्या संकरित गायींच्या दूध नोंदी घेऊन त्यावर जिनोमिक काम करते. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठीच्या 'गौ चिप'चं लोकार्पण झालं ते आपल्या शेजारी वाशीमला, म्हशींसाठीची 'महिष चिप'ही त्यातलीच. त्याआधी २०२१ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशू जैवतंत्रज्ञान संस्थेची 'इंडिगौ' आली, डीएनएवरच्या ११,४९६ खुणा वाचणारी, पण ती देशी जातींसाठी. उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कुठल्या योजनेत तुमचा गोठा बसतो ते विचारा, खासगी कंपनीला पैसे देण्याआधी.

दुधाचा अंदाज थोडा कच्चा असला तरी दोन-तीन गोष्टी चाचणीतून पक्क्या कळतात. एक, एचएफचं रक्त नेमकं किती. कागदावर ६२.५ टक्के लिहिलेली कालवड तपासल्यावर ८० च्या वर निघू शकते, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात तो फरक दुधात आणि माजात दोन्हीकडे दिसतो. दुसरं, बाप खरा कोण, अर्थात त्या वळूचा डीएनए नोंदीत असेल तर. बाप कळला की तिला पुन्हा त्याच वळूच्या घराण्यातली कांडी भरवायची नाही, हे पाळता येतं. गावोगाव वर्षानुवर्षं त्याच दोन-चार वळूंच्या कांड्या फिरतात, रक्तसंबंध नकळत वाढतो. तिसरं, ब्लॅडसारख्या (वासरांची रोगप्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या) आनुवंशिक आजाराची वाहक आहे का. ए-टू मात्र यात गुंतवू नका. ती एका प्रथिनाच्या जनुकाची वेगळी तपासणी आहे, दूध किती देईल याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि एक लक्षात असू द्या. दुधातला फरक साधारण ३० टक्के आनुवंशिक असतो, फॅटच्या टक्केवारीतला जवळपास निम्मा, पण गाभण राहण्यातला जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. धाकटीच्या उलटण्याचा उलगडा रिपोर्टमध्ये शोधण्याआधी खनिज मिश्रण, माजाची वेळ आणि गर्भाशयाची तपासणी करून घ्या.

प्रतिसाद (दूध उत्पादक, परंडा, जि. धाराशिव)

डॉक्टरसाहेबांनी रक्ताच्या टक्क्याचं सांगितलं ते अगदी खरं. आमच्याकडं जास्त एचएफ असलेल्या गायी एप्रिल-मेमध्ये दुपारभर जीभ बाहेर काढून धापा टाकतात, फॉगर लावून सुद्धा. निम्म्या रक्ताच्या गायी सावलीत निवांत रवंथ करतात. हिवाळ्यात दोन लिटर कमी देतील, पण वर्षाचं गणित जुळतं. दादा, लिटरचा मोठा आकडा आला म्हणून हुरळू नका, आधी रक्त बघा.

देवणी दोन्ही राहू द्या आणि त्यांना देवणीचीच कांडी भरवा, एचएफ घालू नका. लातूर-उदगीरकडची ही जात आता शुद्ध कमीच दिसते. त्यांच्याकडून दुधाची बरोबरी मागू नये. कडबा खाऊन उन्हाळा काढणारं ते रक्त आहे, ते घरात असलेलं बरं.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. डॉलरचं कोडं सुटलं.

आणखी दोन शंका. ११ कालवडींबरोबर त्या दोन बहिणींचेही केस द्यावेत असं मनात आहे. दोघींचं दूध आम्हाला माहीत आहे, रिपोर्ट काय म्हणतो ते ताडून बघता येईल. बरोबर होईल का?

दुसरी शंका मनाला लागून राहिलीय. ज्या पाच विकायच्या त्यांचा रिपोर्ट खाली आला, तर घेणाऱ्याला सांगायचं की नाही? बाजारात घेणारे आमच्यासारखेच, दोन-तीन गायींवाले. वडील म्हणतात, माहीत असून गप्प बसणं म्हणजे फसवणूक. मलाही तेच वाटतं, पण भाव पडेल ही भीती आहे.

प्रतिसाद (दूध उत्पादक, परंडा)

सांगाच. आणि आईचं दूध किती, कधी भरवली, कुठली कांडी, हेही वहीतून दाखवा. आमच्याकडं अशी कालवड दारातून जाते, बाजार दाखवावा लागत नाही. कमी दुधाची पण उन्हाला टिकणारी गाय हवी असणारी घरं पुष्कळ आहेत.

प्रतिसाद (पशुवैद्यक, लातूर जिल्हा)

ताईंशी सहमत. विदेशात रिपोर्टमध्ये खाली आलेल्या गायींना मांसासाठीच्या जातीची कांडी भरवतात, आपल्याकडे तो मार्ग नाही. आपल्याकडे खालची कालवड दुसऱ्या कुणाच्या तरी दावणीलाच जाणार, म्हणून माहिती तिच्यासोबत गेलेली बरी.

बहिणींचे नमुने जरूर द्या. मात्र दोघींवरून चाचणी खरी की खोटी हे ठरवू नका, दोन जनावरांत योगायोगही असतो. जमलं तर दुधात सर्वांत वरच्या तीन आणि खालच्या तीन गायी घ्या. वरच्या तीन बहुतांशी वर लागल्या तर कालवडींच्या क्रमावर थोडा विश्वास टाकता येईल. क्रम उलटासुलटा आला तर फक्त रक्ताचा टक्का, बाप आणि आजार एवढंच वापरा, बाकी वडिलांची नजर आहेच. लिटरच्या आकड्यापेक्षा तुमच्याच गोठ्यातला पहिला-शेवटचा क्रम बघा, एका गोठ्यातली तुलना जास्त उपयोगी पडते.

निवडलेल्या सहा जणींना वयात आल्यावर लिंगनिर्धारित कांडी भरवा, साधारण ९० टक्के कालवडीच होतात. गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं, आणि त्यातल्या त्यात कालवडींनाच ती चांगली लागू पडते.

केस घेताना शेपटीच्या गोंड्याचे घ्या, कापायचे नाहीत, बोटाला गुंडाळून मुळासकट उपटायचे. मुळाशी पांढरा ठिपका दिसला पाहिजे, डीएनए त्या ठिपक्यातच असतो. शेण-मूत लागलेले नकोत, शेपूट आधी धुऊन पूर्ण वाळू द्या. फार लहान वासराचे केस बारीक असतात, तिथे कानाचा छोटा तुकडा किंवा रक्त घेणं बरं, ते डॉक्टरकडूनच. प्रत्येकीचं कागदी पाकीट वेगळं, प्लास्टिक नको, ओल धरते. एकीचे केस काढून झाले की हात पुसा, मग दुसरीकडे वळा. पाकिटावर नाव लिहाच, पण कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर बिल्ल्याकडे बघूनच उतरवा, वहीतून नाही. ज्या कालवडींना अजून बिल्ला नाही त्यांना आधी तालुक्याच्या दवाखान्यातून तो मारून घ्या आणि भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर आईचा नंबर जोडला गेलाय का ते तिथेच उभं राहून तपासा.