‘कल्चरल कॉम्पिटन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (शहादा): आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी ‘कल्चरल कॉम्पिटन्स’वर, म्हणजे रुग्णाची भाषा आणि रीतीभाती ओळखून सेवा देण्यावर, टिपण लिहिते आहे. पुस्तकी प्रतिशब्द ‘सांस्कृतिक सक्षमता’. पण सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या ताई ‘सांस्कृतिक’ ऐकून नाचगाण्याच्या कार्यक्रमाचाच अर्थ घेतील. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर (चोपडा): ताई, मला ‘सक्षमता’ही खटकते. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं, आता शिकायचं काही उरलं नाही, असा भास त्यातून होतो. याच आक्षेपातून अमेरिकेत टर्व्हेलॉन आणि मरे-गार्सिया या डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘कल्चरल ह्युमिलिटी’, म्हणजे सांस्कृतिक नम्रता, ही कल्पना मांडली.

मी ‘रीतीभातींची जाण’ म्हणेन. जाण ठेवायची म्हटली की नुसत्या माहितीवर भागत नाही, तसं वागावंही लागतं. आपल्या खानदेशी अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. फरक एका कान्याचा. बाहेरून आलेल्या डॉक्टरांचा ऐकताना इथे सहज घोटाळा होऊ शकतो. म्हणून पुन्हा विचारायला संकोचू नये. ‘काय व्हस, माय?’ एवढं अहिराणीत विचारलं तरी म्हातारी मोकळी होते. अर्थात सातपुड्यात चढलं की पावरी, भिलोरी अशा आदिवासी बोली. तिथे अहिराणीवाल्यालाही दुभाषा लागतोच.

उत्तर (नंदुरबार): भाऊ, ‘जाण’ आवडला, पण तो माणसापुरता राहतो. डॉक्टरांची बदली झाली की त्यांची जाणही त्यांच्याबरोबर जाते. अमेरिकेत क्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेल्या ‘कल्चरल कॉम्पिटन्स’च्या व्याख्येत व्यक्तीच्या वागण्याबरोबर संस्थेची धोरणंही आहेत. आपल्याकडे याचा अर्थ असा: ओपीडीत पावरी बोलणारं माणूस हवं, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी लसीकरणाचं सत्र नको, ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं परत कधी येतात हे बघून तपासणी ठेवावी. माहेरघर योजनेत बाळंतपणाआधी बाईला आरोग्य केंद्राजवळ राहता येतं. सासरच्या माणसांना ते पटवताना ‘माहेर’ हा शब्दच निम्मं काम करतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तर फारच जपून बोलावं लागतं. आईबाप दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे चारचौघांत सांगितलं तर बोल सुनेलाच लागतो.

माणसासाठी ‘जाण’ ठेवा, केंद्रासाठी ‘जाणती आरोग्यसेवा’ म्हणा.

शहादा: दोन्ही शब्द घेते. सिकलसेलचा मुद्दा टिपणात वेगळा लिहीन. पावरी बोलणाऱ्या कुणी यासाठी त्यांच्याकडचा शब्द सांगितला तर तोच आधी घालीन.