शनिवार पेठेतून हडपसरला बिऱ्हाड: नाव हलवायला फॉर्म ६ की फॉर्म ८?

पेठकर_आता_हडपसर
मतदान कार्ड शनिवार पेठेच्या पत्त्याचं, राहणं हडपसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. करार ११ महिन्यांचा, नोंदणीकृत, नवरा-बायको दोघांच्या नावावर. वीजबिल घरमालकाच्या नावाचं. सोसायटीत कुणी सांगतं फॉर्म ६ भरा, कुणी म्हणतं आधी जुनं नाव कमी करून या. मुलगी १९ वर्षांची, तिचं नाव अजून कुठेच नाही. आजी ८६ वर्षांच्या, त्यांचंही नाव पेठेतच. कुठून सुरुवात करायची? आणि कार्ड हातात असताना हे सगळं करायलाच हवं का?

यादी_भाग_क्रमांक
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गोंधळ तिथेच होतो. कार्ड म्हणजे फक्त ओळख. मतदान होतं ते यादीत नाव असेल तर. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काहीही चालतं. कार्ड असेल पण नाव उडालं असेल, तर केंद्राध्यक्षही काही करू शकत नाही. घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही, ती खोली आणि अनुक्रमांक शोधण्यापुरती.

आता फॉर्म. तुम्हा दोघांना आणि आजींना फॉर्म ८, मुलीला फॉर्म ६. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. पूर्वी मतदारसंघ बदलला की पुन्हा ६ भरायला लागायचा, म्हणून जुनी मंडळी अजून तेच सांगतात. ऑगस्ट २०२२ पासून ते बदललं. आता ६ भरला तर दोन ठिकाणी नाव येतं, आणि नाव कुठेच नसल्याचं खोटं प्रतिज्ञापन दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. जुनं नाव कमी करायला वेगळा अर्ज नको, फॉर्म ८ मंजूर झाला की ते तिकडून निघतं. कार्डाचा नंबरही तोच राहतो.

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर मोबाइलने लॉग इन करून कार्डाचा नंबर टाकला की विचारतात: स्थलांतर त्याच विधानसभा मतदारसंघात की बाहेर? शनिवार पेठ कसब्यात येते, हडपसर स्वतंत्र मतदारसंघ, म्हणून बाहेर. घाईत ‘आत’ निवडलं की अर्ज कसब्यातच अडकतो आणि पुढे फेटाळला जातो. ‘दोन्ही पुण्यातच की’ असं म्हणून ही चूक भरपूर लोक करतात.

धायरी_फाटा
वरच्याला पुरवणी. या बदलाने तुमचा खासदारही बदलतो. पुणे लोकसभेत वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ एवढेच. हडपसर शिरूरमध्ये, खडकवासला बारामतीत. २०२४ ला बारामतीचं मतदान ७ मे रोजी झालं, पुणे आणि शिरूरचं १३ मे रोजी. त्यामुळे ‘पुण्याची तारीख’ ऐकून निवांत बसू नये.

कागदपत्रं: नोंदणीकृत भाडेकरार चालतो, नुसता नोटरी केलेला नाही. घरमालकाच्या नावाचं वीजबिल बाजूला ठेवा. करार संपायला महिना-दीड महिनाच उरला असेल तर नवा करून मगच अर्ज करा. पडताळणीला बीएलओ (मतदान केंद्र स्तरीय अधिकारी, घरी येऊन तपासणी करणारा) येईपर्यंत जुना संपलेला असला की शेरा पडतो. आणि बीएलओ येतात तेव्हा दाराला कुलूप असणं हे अर्ज अडकण्याचं अगदी नेहमीचं कारण. गेटवरच्या वॉचमनला फ्लॅट नंबरासोबत आडनावही सांगून ठेवा. भाडेकरूचं नाव त्याला माहीतच नसतं.

पेठकर_आता_हडपसर
आभार. करारात मुलीचं नाव नाही. तिचा पत्त्याचा पुरावा काय? आणि हे आत्ताच करावं का, की निवडणूक जाहीर झाल्यावर?

यादी_भाग_क्रमांक
मुलीला आई किंवा वडिलांच्या नावाचा पुरावा चालतो, पण ते त्याच पत्त्यावर मतदार असायला हवेत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी तुमचे फॉर्म ८ मंजूर होऊ द्या, मग तिचा ६ भरा आणि त्यात कुटुंबातला मतदार म्हणून तुमच्या कार्डाचा नंबर द्या. एकाच दिवशी सगळे भरले तर तिचाच अर्ज लटकण्याची शक्यता जास्त. वयाची अडचण नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी १८ पूर्ण आहेत का ते बघतात) आहेत आणि ती केव्हाच १८ पार आहे.

जाहीर होण्याची वाट बघू नका. अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात आणि उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी यादी गोठते. त्यामुळे त्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेल्या अर्जांचाच विचार होतो.

महापालिकेचं गणित आणखी कडक. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत नाही, विधानसभेची यादी प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी वापरली. त्यानंतर नाव हलवलेल्यांना जुन्याच प्रभागात जावं लागलं.

शाईचं_बोट
आजींबद्दल कुणी बोललं नाही. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदान करता येतं, पण आपोआप नाही. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२-ड भरून द्यावा लागतो. एकदा तो मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे त्यांना आधी विचारून घ्या. बऱ्याच आज्यांना केंद्रावरच जायचं असतं.

आणि घरात कुणी वारलं असेल तर त्यांच्यासाठी फॉर्म ७, सोबत मृत्यूचा दाखला. अशी नावं यादीत राहिली की टक्केवारीही फसवी दिसते. पुणे लोकसभेचा मतदानाचा आकडा २०१९ ला पन्नाशीच्या आसपास, २०२४ ला ५३-५४ टक्के. पेठांतल्या लोकांना आळशी ठरवणं सोपं आहे, पण यादीत वारलेले आणि स्थलांतरित जितके जास्त, तितकी टक्केवारी खाली दिसणारच. खरी किती कमी आणि यादीमुळे किती, हे यादी साफ झाल्याशिवाय कळायचं नाही.

धायरी_फाटा
एक राहिलं. नाव शोधताना इंग्रजीत टाइप केलं तर कधीकधी सापडत नाही, कारण मूळ नोंद मराठीत असते आणि ‘क्षीरसागर’चं रोमन काय होईल ते देव जाणे. कार्डाच्या नंबराने शोधा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. केंद्रावर गेल्यावर ‘तुमचं मत झालंय’ असं ऐकू आलं तर तसंच परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तेव्हा मिळते ती) मागा. ते मत यंत्रात जात नाही, कागदावर घेऊन पाकिटात ठेवतात, पण त्याची नोंद राहते.