पत्र्याखालची थंडी : ब्लँकेट वाटायची की छपराचं काही करायचं?

गोदाकाठ (परभणी)

परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की बातमी येते. शेकोटीचे फोटो छापले जातात, एखादा पुढारी ब्लँकेट वाटतो आणि संक्रांत झाली की विषय मिटतो. माझं म्हणणं असं, की थंडी हा आपल्याकडं आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्याचं मूळ छपरात आहे.

आपली जुनी माळवदाची घरं हिवाळ्यात उबदार असायची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात तीच माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेऊन डोक्यावर पत्रा घातला, त्यात चूक काहीच नव्हती. पण पत्रा निरभ्र रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे आतल्या बाजूनं पाणी धरतं आणि अंथरुणावर टपकतं. पत्र्याच्या पन्हाळी आणि भिंत यांच्यामधल्या भोकांत चिंध्या, गोणपाट कोंबलेलं घर तुम्ही पाहिलं नसेल तर आमच्या वस्तीवर या, दाखवतो.

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट व्हायला लागतं. हृदयविकार असलेल्याला, लकवा होऊन गेलेल्याला, दमेकऱ्याला हे महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांसाठी घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं सांगितलं. इंग्लंडमध्ये तर २०१५ पासून मार्गदर्शक सूचनाच आहे : दवाखान्यातल्या किंवा घरी येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यानं वर्षातून एकदा तरी विचारायचं, की घर ऊबदार ठेवणं जमतं का. नाही म्हटलं तर एकाच ठिकाणी नाव कळवायचं. घरदुरुस्ती, अनुदान, वीजबिल हे पुढचं सगळं तिथून हलतं. आपल्याकडं आशाताई घरोघरी जातातच. त्यांनी एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

रब्बीवाला (जिंतूर)

सपशेल असहमत. इंग्लंडचं कशाला सांगायलात? तिथं सहा-सहा महिने हिवाळा. आपल्याकडं खरी थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले मोजके दिवस, अन् उन्हाळा बघा, ४२-४४ अंश. माणसं उन्हानं मरायलीत, पाण्यावाचून हाल व्हायलेत, अन् तुम्ही थंडीची घरं घेऊन बसलात.

दुसरं, थंडी बाधती ती घरात नाही, रानात. थ्री फेज लाईट रात्री. दोन वाजता उठायचं, हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला जायचं, गुडघ्याएवढ्या चिखलात पाण्याची दारं मोडायची. वर साप-इच्चू. दिवसा लाईट देतो म्हणून सौर कृषी वाहिनीची दुसरी योजना २०२३ ला आली, आमच्या फीडरचा नंबर अजून लागायचाय. आधी ते करा. छपराचं बघू मग.

हिशेबी (लातूर)

रब्बीवाले, रात्रीच्या लाईटबद्दल तुम्ही बोलता ते शंभर टक्के खरं. पण "मोजके दिवस" हा मुद्दा टिकत नाही. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास आला होता. त्यात एकूण मृत्यूंपैकी थंडीशी जोडलेले ७.२९ टक्के, उष्णतेशी जोडलेले ०.४२ टक्के. आणि थंडीतले बहुतेक मृत्यू कडाक्याच्या दिवसांत नव्हे, तर साध्या गारठ्याच्या दिवसांत होते. म्हणजे बातमी येते ते दिवस वेगळे आणि माणूस जातो ते दिवस वेगळे.

रब्बीवाला (जिंतूर)

त्या १३ देशांत भारत होता का?

हिशेबी (लातूर)

नव्हता. थायलंड आणि ब्राझील होते, ते काही बर्फाचे देश नाहीत. तरी आपले आकडे तेच असतील असं मी म्हणत नाही.

मात्र हा धागा सुरू करणाऱ्या गोदाकाठ यांच्याशीही माझं जमत नाही. छप्पर बदलायला पैसा कुठून आणणार? घरकुलाचं अनुदान आहे, तेही यादीत नाव असेल तर. निराधार म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५००, त्यासाठी उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला. ज्येष्ठांच्या वयोश्री योजनेचे एकदाच मिळणारे ३,०००, ते चष्मा, काठी, कंबरेचा पट्टा यासाठी. यातलं काहीही पत्र्याखालच्या भोकाला लागत नाही. गंमत बघा, आपत्ती निधीतून मदत द्यायच्या केंद्राच्या यादीत थंडीची लाट आहे. पण तिचा उपयोग पिकाच्या पंचनाम्यापलीकडं झालेला मी तरी पाहिला नाही. अशा वेळी चांगलं जाड ब्लँकेट आज रात्री कामाला येतं, त्याला नावं ठेवू नका.

सिस्टर (ग्रामीण भाग, नांदेड)

मी प्रसूतीचं काम बघते, त्यामुळे बाळांबद्दल बोलते. म्हातारी माणसं "थंडी वाजतेय" असं सांगतात तरी, बाळ सांगत नाही. ते गप्प होतं, दूध ओढत नाही, आणि घरचे म्हणतात किती शहाणं आहे, रडत नाही. बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. थर्मामीटर नसेल तर हाताच्या उलट्या बाजूनं आधी तळपाय आणि मग पोट बघायचं. तळपाय गार, पोट कोमट : बाळाला थंडी लागतेय, लगेच आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या, टोपी घाला, पाजा. दोन्ही गार : वाट बघू नका, १०८ ला फोन लावा, आणि नेतानाही बाळ छातीशीच ठेवा.

आता शेगडीचं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, दार लावायचं, फटी बुजवायच्या. शेक बाईला बरा वाटतो, पण बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप लागते आणि माणूस उठतच नाही. म्हणून गोदाकाठ, भोकांत चिंध्या कोंबायचं तुम्ही लिहिलंत, पण ते वाचून कुणी शेगडी आत ठेवून फटी बुजवायला नकोत. शेगडी बाहेर काढून मग बुजवा.

आणि आशाताईंवर अजून एक प्रश्न लादायला माझा विरोध आहे. नवजात बाळासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातातच. वरून सर्वे, गोळ्या, ॲपमधली माहिती. मानधन वेळेवर मिळावं म्हणून त्यांना रस्त्यावर बसावं लागतं. प्रश्न विचारून त्या नाव लिहून आणतील, पुढं ते नाव घेणारा कोण आहे? इंग्लंडात विचारणारा आणि करणारा वेगळा आहे म्हणून ते चालतं.

कोयता (पाटोदा)

सगळे घराचंच बोलायलात. आमच्याकडचे निम्मे लोक दिवाळीनंतर साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात अन् फडाशेजारी कोपीत राहतात. पाचट, बांबू, वर प्लास्टिक. पहाटे गाडी भरायला उठायचं, लेकरू पाचटावर. ही कोपी कुठल्याच ग्रामपंचायतीच्या नोंदीला नाही, तिथली आशा आमच्या बाईला आपल्या यादीत धरत नाही, अन् गावाकडच्या यादीत घराला कुलूप. गावात राहतात फक्त म्हातारे, त्यांचा दाखला काढायला तालुक्याला कोण नेणार? गोपीनाथ मुंडे साहेबांच्या नावाचं ऊसतोड महामंडळ आहे, लेकरांसाठी वसतिगृहाची योजना आहे. ते चांगलंच आहे, पण कोपीला कोण विचारतंय?

गोदाकाठ (परभणी)

कोयता, तुमचा मुद्दा माझ्या योजनेत बसत नाही, हे मान्य. कोपीची जबाबदारी कारखान्यावरच टाकावी लागेल. गाळप परवान्याला निवाऱ्याची अट जोडली तरच ते होईल असं माझं मत.

सिस्टर, नाव घेणारा कोण, याला माझं उत्तर ग्रामपंचायत. आणि छप्पर बदला असं मी म्हणतच नाही. छपराखाली बांबूचे तट्टे मारा. पत्रा आणि तट्टा यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. रात्री गारवा खाली उतरत नाही, टपकणारं पाणी अंथरुणावर येत नाही, आणि मे महिन्यात तोच तट्टा पत्र्याची धग अडवतो. म्हणजे रब्बीवाल्यांचा उन्हाळाही त्यातच आला. चुना मारून उन्हाळा कमी होतो, हिवाळ्यात त्याचा काही फायदा नाही. थर्माकोल मात्र लावू नका, खाली चूल असते.

रब्बीवाला (जिंतूर)

तट्ट्यात उंदीर होतात. उंदराच्या मागं काय येतं ते सांगायची गरज नाही.

हिशेबी (लातूर)

तट्ट्याच्या कडा भिंतीला मातीनं लिंपल्या तर उंदराला वाट राहत नाही, आमच्याकडं बुरूड तसंच बसवून देतात. मला खर्च जास्त महत्त्वाचा वाटतो. एका खोलीला मजुरीसकट किती लागतो ते कुणी अलीकडं करून घेतलं असेल तर लिहा, पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडायला आकडा हवाय.