मदत हवी आहे: पुणे ते लेह, पहिल्या दिवशी घोडबंदर की नाशिक-पेठ?

जूनच्या मध्यात पुण्याहून स्वतःच्या गाडीने लेहला निघतोय, उदयपूर-अमृतसर-श्रीनगरमार्गे. पुढचे टप्पे ठरलेत, अडलंय ते पहिल्याच दिवशी. मुक्काम वडोदऱ्याला करायचा आहे, जेणेकरून दुसऱ्या दिवशी उदयपूर आरामात गाठता येईल.

डिझेल गाडी, चालवणारे दोघे, सोबत सत्तरीची आई. तिच्या गुडघ्यांमुळे दर दोन तासांनी थांबावं लागतं, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हे पक्कं. शनिवारी पहाटे ४ ला निघू शकतो. आदल्या रात्री निघणं जमणार नाही.

एक्स्प्रेसवे-ठाणे-घोडबंदर-वापी हा सरळ रस्ता, पण घोडबंदर ते विरार किती वेळ खाईल याचा भरवसा वाटत नाही. नकाशावर वेगवेगळ्या वेळी पाहिलं, दर वेळी निराळं उत्तर. दुसरा मार्ग नारायणगाव-संगमनेर-नाशिक, मग पेठ-कपराडा करून पारडीला महामार्ग ४८. हा मला मनापासून आवडतो, पण तिकडे पाऊस दणकून पडतो आणि आईला वळणांचा त्रास होतो.

पावसाच्या सुरुवातीला पेठ-कपराडा रस्त्याने नुकतंच कुणी गेलंय का? घाटात खड्डे, दरडी कितपत? आणि शनिवारी सकाळी सातच्या सुमारास घोडबंदरला पोहोचलो, तर उजेडात वडोदरा गाठणं शक्य आहे, की भरूचलाच मुक्काम धरू?