नॅशनल पार्कात कुणालाही विचारा, उत्तर एकच: 'छान आहे'

क्लिपबोर्डवाली

समाजशास्त्रात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय: बोरिवलीच्या नॅशनल पार्कात येणारे लोक कितपत समाधानी असतात आणि आत जाऊन नेमकं काय करतात. परवानगीचे कागद झालेत. तीन रविवार गेटपाशी उभी राहून फॉर्म भरून घेतेय. प्रत्येक प्रश्नाला 1 ते 5 आकडे, 1 म्हणजे अजिबात समाधानी नाही, 5 म्हणजे अतिशय समाधानी. झाडं, रस्ते, स्वच्छता, काहीही विचारा, गोल 4 ला नाहीतर 5 ला.

मागच्या रविवारी कांदिवलीचे एक काका होते, सोबत बायको, दोन मुलं आणि सासूबाई. जरा आधी माकडाने त्यांची वेफर्सची पिशवी पळवली होती. धाकटा भोकाड पसरून रडतोय, सासूबाई गुडघा धरून कठड्यावर टेकल्यात, आणि काका सरळ रेषेत 5, 5, 5 करत खाली चाललेत. मी म्हटलं, "काका, सगळीकडे पाच?" तर म्हणे, "अगं, तुझं काम होऊ दे ना पटकन."

सर म्हणतात संख्या वाढव, 384 कर. पण असे 384 काका गोळा करून काय होणार?

फिल्डवरची

काका सज्जन आहेत, पण तुझ्या उपयोगाचे नाहीत. वीस वर्षं घरोघरी आणि रस्त्यावर सर्वेक्षणं केलीत, म्हणून सांगते.

384 हा आकडा पवित्र नाही. लोकसंख्या मोठी आहे, नमुना यादृच्छिक आहे, म्हणजे निवडलं जायची संधी प्रत्येकाला सारखी आहे, 95 टक्के खात्री आणि 5 टक्के चूक चालेल, असं धरलं की तो येतो. तू रविवारी गेटवर जो हसून बघेल त्याला पकडतेस. त्यात यादृच्छिक काही नाही. 384 केलेस तर तीच चूक जास्त नेटकी दिसेल, एवढंच.

आधी माणूस निवडायची पद्धत बदल. एक ठरावीक रेषा धर आणि ती ओलांडणारा प्रत्येक सातवा गट थांबव, मग ते कितीही घाईत दिसोत. गटात फॉर्म कोण भरतं? घरातला पुरुष. म्हणून विचार, "तुमच्यापैकी शेवटचा वाढदिवस कुणाचा झाला?" आणि त्या मोठ्या माणसालाच फॉर्म दे. त्या काकांच्या सासूबाईंचा नंबर असाच लागेल. नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेव: अंदाजे वय, बाई की पुरुष, सोबत मुलं आहेत का. नाहीतर कोण निसटलं ते कळणारच नाही.

हे बाहेर पडताना विचार, आत शिरताना नको. आणि 'समाधानी' हा शब्द काढ. घरात कोण बोलतं असं? "आज काय करायचं ठरवून आला होतात? त्यातलं काय राहिलं?" असं विचार. गुजराती आणि हिंदी फॉर्मही लागतील, बोरिवली आहे ती.

आकडे वर का चढतात, त्याला कारण आहे. सुट्टीचा दिवस घालवून, पोरांना घेऊन लोकलने आलेला माणूस 'वाया गेला दिवस' असं स्वतःशीही कबूल करत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांवर हे काम खूप झालंय, तिथेही हेच रडगाणं. म्हणून गर्दी किती वाटली ते मोजायला हेबरलाइन आणि वास्के यांनी 1970 च्या दशकात नऊ बिंदूंची पट्टी केली. त्यात फक्त 1 आणि 2 म्हणजे 'गर्दी वाटली नाही', बाकी सातही बिंदू कमी-जास्त गर्दीचे. 'थोडीशी' म्हणायला जागा ठेवली की लोक बोलतात. दुसरं, प्रत्येक गोष्ट किती महत्त्वाची आणि ती कशी आहे, हे दोन्ही विचारायचं. मार्टिला आणि जेम्स यांचं 1977 चं तंत्र आहे ते, मूळ बाजारपेठेच्या अभ्यासातलं. स्वच्छतागृह 'महत्त्वाचं 5, कसं आहे 3' असं आलं की तो 3 बोलू लागतो.

पहाटेचा_फिरस्ता

ताई, मी रिटायर्ड आहे, अकरा वर्षं आठवड्यातले चार दिवस पार्कात चालतो. तुमच्या फॉर्मात मी कधीच सापडणार नाही. का? रविवारी मी येत नाही, गर्दी असते. आधी यायचो. आमच्या कट्ट्यावरचे दोघे तर आता घराजवळच्या मैदानातच फेऱ्या मारतात. तुम्ही उभ्या राहता रविवारी, म्हणजे ज्यांना रविवार चालतो तेच तुम्हाला भेटणार. ते खूश असणारच की!

फिल्डवरची

काका, लाख बोललात. संशोधनात याला विस्थापन म्हणतात. नाराज माणूस तक्रार करत नाही, वेळ बदलतो किंवा जागा बदलतो. गेटवर उरतात ते खूश. क्लिपबोर्डवाली, तुला आठवड्यातले दिवस हवेत, पहाट हवी, आणि शिवाय येणं बंद केलेली माणसंही शोधायला हवीत. सोमवारी पार्क बंद असतो, तेवढा वगळ.

उगाच_बसलेला

विचारू नका, बघा. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये सोपार्क नावाची पद्धत मांडली. एक जागा ठरवायची, डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची आणि मोजायचं: किती बसलेले, किती चालणारे, किती दमछाक करणारे, त्यात बायका किती, मुलं किती. दिवसातून तीन-चार वेळा, तीच जागा. बघताना कुणाला 5 ला गोल करायला लावायचं नसतं. आणि बसून राहायला मिळतं, हा माझा वैयक्तिक मुद्दा.

क्लिपबोर्डवाली

काल दुपारभर बाहेर पडणाऱ्यांना विचारलं. शेवटचा वाढदिवस एका आजींचा निघाला. सूनबाई म्हणाल्या, "त्यांना काय विचारता?" मी म्हटलं, त्यांनाच. काय राहिलं, तर आजी म्हणाल्या, "कान्हेरीची लेणी. लग्नानंतर एकदा आले होते, पुन्हा बघायची होती. पण पायऱ्यांचं नाव काढलं आणि हे सगळे म्हणाले, तू इथेच बस." मग फॉर्मवर 5 ला गोल. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू उन्हात उभी आहेस ना."

काका, तुमच्या कट्ट्यावर येऊ का? ते मैदानात जाणारे दोघे भेटतील?

पहाटेचा_फिरस्ता

शुक्रवारी या, दोघांनाही बोलावतो. फक्त फॉर्म मोठ्या अक्षरात छापून आणा, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.