मदत हवी आहे: शेवंतीला पाला गच्च, कळी मात्र नाही

पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. माहेरच्या तुळशीजवळच्या पिवळ्या शेवंतीच्या काश्या (बुडाशी फुटलेली मुळांसकट रोपं) आणून जूनमध्ये पाच बारा इंची कुंड्यांत लावल्या. माती, शेणखत, थोडी वाळू. पाणी साचत नाही. जुलैत आणि ऑगस्टअखेर शेंडे खुडले. झुडपं इतकी दाटली आहेत की शेजारच्या काकू विचारतात, "कुठली भाजी गं ही?"

तीन कुंड्या रस्त्याकडच्या गॅलरीत आहेत, चांगलं सहा तास ऊन. दोन मागच्या ड्राय बाल्कनीत, तिथे जेमतेम तीन तास. आणि कळ्या आल्यात त्या मागच्या दोघींना! वाटाण्याएवढ्या हिरव्या गुंड्या. पुढच्यांना दिवाळी तोंडावर आली तरी नुसती पानं. शेणाचं पाणी सगळ्यांना सारखंच. काळा मावा आला होता, निंबोळी तेलाने आटोक्यात आहे. नर्सरीवाल्याने फुलांसाठी म्हणून महागडं खत गळ्यात मारलं, फरक शून्य. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची फुलं हवी होती हो.

(फोटो रात्रीचे आहेत, तरी स्वच्छ आलेत. समोरच्या खांबावर पावसाळ्यात नवा एलईडी लागलाय, गॅलरीत बसून पेपर वाचता येतो.)

प्रतिसाद १
शेणाचं पाणी बंद करा. नत्र जास्त झालं की पालाच माजतो.

प्रतिसाद २
ताई, पाणी सगळ्यांना सारखं आहे, मग मागच्यांना कळ्या कशा? दोष त्या खांबाचा. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. रात्रभर उजेड पडला की झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ते वाढत बसतं. पॉलिहाउसवाले हीच युक्ती मुद्दाम वापरतात: फुलं लांबवायची तर रात्री दिवे, लवकर हवीत तर काळं कापड.

दिवसा कुंड्या उन्हातच राहू द्या. संध्याकाळी सहाला झाका, सकाळी सातला उघडा. एकही रात्र चुकवू नका. आता शेंडे अजिबात खुडू नका, त्यांच्यावरच कळी येणार. पण मार्गशीर्षाचं वचन देत नाही. आज सुरुवात केलीत तरी फुलायला दोन महिने धरा.

धागाकर्ती
फ्रिजचं खोकं चालेल का?

प्रतिसाद २
पळेल! फक्त भोकं आणि फटी चिकटपट्टीने बुजवा. आणि सकाळी काढायला विसरू नका, आत झाड उकडेल.

धागाकर्ती (चार आठवड्यांनी)
दोन कुंड्यांना कळ्या दिसल्या, मोहरीहून थोड्या मोठ्या! तिसरी पसरट आहे, तिची एक फांदी खोक्याबाहेर राहायची. बाकी झाडाला कळ्या आहेत, त्या फांदीला अजून पानंच.